कोल्हापूरला मेट्रो की लोकल? आधी निवेदन कुणाच्या दारात द्यायचं ते ठरवा

आपल्याकडं वर्षातनं एकदा तरी कोणतरी उठतं आणि "कोल्हापूरला मेट्रो पाहिजे" अशी मागणी टाकतं, लगेच त्याखाली "मेट्रो राहू दे, मिरजेला दर अर्ध्या तासाला लोकल सोडा" असं दहा जण लिहितात, मग दोन्हीचं मिळून एकच निवेदन तयार होतं, ते जातं महापालिका आयुक्तांकडं, फोटो निघतो आणि विषय संपतो. दोन्ही मागण्यांबद्दल माझं काही वाकडं नाही. पण ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्हीत शहराची भूमिका एकदम वेगळी आहे, आणि हे न कळल्यामुळं एकाही मागणीची फाईल पुढं सरकत नाही.

किरकोळ फरक आधी उरकतो. मेट्रोची स्टेशनं किलोमीटर-दीड किलोमीटरवर, लोकलची लांब लांब. नव्या मेट्रोंचे रूळ बहुतेक ठिकाणी स्टँडर्ड गेज, म्हणजे १४३५ मिलिमीटर, आणि रेल्वेचं ब्रॉडगेज १६७६. मेट्रोला एसी, टोकन, सरकते जिने. लोकलसारख्या जवळच्या पल्ल्याच्या गाड्यांत डेमू म्हणजे डिझेलवरची, मेमू म्हणजे विजेवरची, आणि आपल्या मिरज मार्गावर आता विजेच्या तारा आल्यात त्यामुळं डेमूसाठी हट्ट धरायचं कारण नाही. ह्यातलं काही विसरलात तरी चालतंय, ह्यावरनं भांडणारी मंडळी मला कधीच कळली नाहीत.

मिरज लाईन तर तुम्हाला पाठच आहे. गूळ मार्केट, वळिवडे, रुकडी, हातकणंगले, निमशिरगाव-तमदलगे, जयसिंगपूर, मिरज. पन्नास किलोमीटरच्या आतला मामला, तोही एकेरी रूळ. एक गोष्ट मात्र बरेच जण विसरतात, की १८९१ ला ही लाईन सुरू झाली तेव्हा ती कोल्हापूर संस्थानाच्या मालकीची होती, गाड्या चालवायला तेवढी दुसरी कंपनी होती. म्हणजे एके काळी कोल्हापूर खरंच आपल्या रेल्वेचं मालक होतं. आज ती मध्य रेल्वेच्या पुणे विभागात आहे. आपल्या चर्चा मात्र अजून दरबाराच्या काळात असल्यासारख्या चालतात, की शहरानं मनावर घेतलं की गाडी सुटली!

आता जिथं सगळे घसरतात तिथं येऊ.

मेट्रोत शहर हे अर्जदार असतं. मेट्रो रेल्वे मंत्रालयाकडं येत नाही, ती केंद्राच्या नगरविकासवाल्या मंत्रालयाकडं येते आणि तिचे कायदे वेगळे आहेत, १९७८ चा बांधकामाचा आणि २००२ चा चालवण्याचा. २०१७ च्या मेट्रो धोरणाप्रमाणं आधी शहराचा एकत्रित वाहतूक आराखडा लागतो, मग बस, बीआरटी (बससाठी राखीव रस्ता), ट्राम असे बाकीचे पर्याय तपासून मेट्रोच का हे दाखवावं लागतं, मग प्रकल्प अहवाल, मग राज्य मंत्रिमंडळ, मग केंद्र. म्हणजे फाईल खालनं वर जाते. पुण्यात महामेट्रो ही केंद्र आणि राज्याची निम्मी-निम्मी कंपनी आहे, पण जागा, रस्ते, आराखडा ह्या सगळ्यात महापालिका गळ्यापर्यंत असते. त्यामुळं "आमच्या शहराला मेट्रो द्या" म्हणून महापालिकेच्या दारात जाणं निदान पत्त्याच्या दृष्टीनं बरोबर आहे.

लोकल-मेमूत फाईल असल्या रस्त्यानं जातच नाही. रेल्वे हा घटनेच्या केंद्र सूचीतला विषय. महापालिकेला बस चालवता येते आणि ती केएमटी ही शहर बससेवा चालवतेच, पण कोल्हापूर-मिरज गाडीला एक डबा जोडायचा अधिकार आयुक्तांना नाही, महापौरांना नाही, स्थायी समितीला तर नाहीच नाही. जादा गाडी सुटायची तर रेक, म्हणजे डब्यांची अख्खी गाडी लागते, त्याची देखभाल करायला जागा आणि माणसं लागतात, लोको पायलट आणि गार्ड लागतात, प्लॅटफॉर्म मोकळा लागतो आणि मुख्य म्हणजे रुळावर वेळेची फट लागते, जिला रेल्वेवाले पाथ म्हणतात. एकेरी लाईनीवर समोरासमोरच्या दोन गाड्या क्रॉसिंगची सोय असलेल्या स्टेशनातच एकमेकींना सोडू शकतात, म्हणून तर पॅसेंजर मध्येच उभी राहते आणि आपण आत बसून शिव्या देतो. त्यात कोल्हापूर टर्मिनस, गाडी आली की परत जाईपर्यंत प्लॅटफॉर्म अडवून बसते. दर अर्ध्या तासाला लोकल मागणाऱ्यांनी आधी मिरज-कोल्हापूर दुहेरीकरण मागावं, ते न मागता लोकल मागणं म्हणजे नुसती हौस. पुणे-मिरज दुहेरी झाली आणि शेवटचा तुकडा, आपला, एकेरीच राहिला, ह्याच्यावर खरा आवाज पाहिजे होता.

इथपर्यंत बऱ्याच जणांना कळतं. पण कळल्यावर ते दुसऱ्या टोकाला जातात: "मग महापालिकेचा काय संबंध, तो रेल्वेचा विषय आहे." हे वाक्य तर कुठल्याही ऑफिसात तयारच असतंय, तुमचं बोलणं संपायच्या आत तोंडावर येतं. आणि मला सगळ्यात जास्त चीड ह्याचीच येते, कारण ते अर्धं खरं आहे. राधानगरी धरणातनं नदीला पाणी सोडणं पाटबंधारेच्या हातात आहे, पण मोटर, पाइपलाइन आणि सरी कुणी बघायची? लोकल गाडीचं तसंच आहे. गाडी रेल्वेची, पण ती गाडी लोकांच्या उपयोगाची होते का नाही हे शहर ठरवतं.

ह्याची उदाहरणं आपल्याच राज्यात आहेत. मानखुर्दहून वाशीला लोकल १९९२ ला गेली. गाड्या रेल्वेच्याच, पण नवी मुंबईतल्या रेल्वेच्या खर्चाचा ६७ टक्के वाटा सिडकोनं उचलला आणि रेल्वेनं ३३ टक्के. स्टेशनच्या डोक्यावर ऑफिसं आणि दुकानं बांधून सिडकोनं पैसे काढायची सोयही केली. सिडको महापालिका नाही हे मान्य, पण शहराची नियोजन करणारी संस्था म्हणून तिनं जे केलं तेच मी म्हणतोय: स्टेशन कुठं, त्याच्याभोवती काय बांधायचं, बस कुठं लागणार, हे तिनं ठरवलं, रेल्वेनं नाही. पुणे-लोणावळा तिसऱ्या-चौथ्या लाईनीचं बघा, तिथं २०२५ ला राज्याच्या वाट्यातच पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका आणि पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगराचं विकास प्राधिकरण, ह्यांचा हिस्सा धरला. पैसे टाकले की टेबलाशी खुर्ची मिळते, नुसतं निवेदन दिलं की पोचपावती मिळते. मुंबईत तर ह्याच्यासाठी १९९९ पासनं वेगळी कंपनीच आहे, एमआरव्हीसी, रेल्वे ५१ टक्के आणि राज्य सरकार ४९. बंगळुरूच्या १४८ किलोमीटरच्या उपनगरी प्रकल्पालाही केंद्रानं २०२० ला मंजुरी दिली ती कर्नाटक सरकार आणि रेल्वेच्या अशाच भागीदारीतल्या कंपनीमार्फत. आणि उलटं बघायचं असलं तर हैदराबादच्या एमएमटीएसचा, म्हणजे तिथल्या लोकलचा, दुसरा टप्पा, राज्याच्या वाट्याच्या पैशावरनं वर्षानुवर्षं रेंगाळला.

आता हे कोल्हापुरात आणून बघू. गूळ मार्केटचा थांबा शहरातच, मार्केट यार्डाला लागून. हमाल, व्यापारी, दिवाणजी, रोज येणारे शेतकरी, ह्यांच्यासाठी तो थांबा सोन्यासारखा आहे, पण तिथनं उतरल्यावर पुढं जायला वेळेवर बस, चालायला धड रस्ता, रात्री उजेड, हे कोण बघणार? रेल्वे बघणार नाही, तिची हद्द संपली की तिचं काम संपलं. वळिवड्याला उतरलं की गांधीनगरची कापडबाजारपेठ, रोज केवढी गर्दी, पण ती महापालिकेच्या हद्दीबाहेर, म्हणजे महापालिका म्हणणार आमचं नाही. परीख पुलाखाली पावसाळ्यात पाणी साचलं की शाहूपुरी आणि राजारामपुरी एकमेकांपासनं तुटतात आणि स्टेशन गाठायचं म्हणजे वळसा. पुलावर रूळ रेल्वेचे, खालचा रस्ता शहराचा, मग पाणी कुणाचं? असल्या जागा सोडवणं ह्यालाच नियोजन म्हणतात.

स्टेशनच्या आवारातला रिक्षा स्टँड आणि पार्किंग रेल्वेच्या जागेत आहे, गेटच्या बाहेरचा रस्ता महापालिकेचा आहे. त्यामुळं पार्किंगची तक्रार घेऊन महापालिकेत जाणारे आणि केएमटीच्या स्टॉपसाठी डीआरएमना, म्हणजे रेल्वेच्या विभागाच्या प्रमुखांना, पत्र लिहिणारे असे दोन्ही नमुने आपल्याकडं आहेत. अरे भावांनो, उलटं करा!

केएमटीवर जरा जास्त बोलतो, कारण लोकलचा विषय आला की केएमटी कुणाच्याच डोक्यात नसते. मेमूतनं पाच-सहाशे माणसं एकदम उतरतात. त्यातल्या किती जणांना चालत जाण्याइतकं जवळ काम असतं? मध्यवर्ती बसस्थानक स्टेशनजवळ आहे हे नशीब, पण शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल ह्या तिन्ही एमआयडीसी रुळाला लागून नाहीत. कामगार मोटरसायकलवर हायवेनं जातो तो त्याला रेल्वे आवडत नाही म्हणून नव्हे, तर स्टेशनातनं पुढं शिफ्टच्या वेळेला नेणारं काही नाही म्हणून. सकाळच्या गाडीच्या वेळेला बांधलेल्या चार बस आणि शिफ्ट सुटल्यावर परत चार, एवढं जरी केलं तरी रेल्वेला "प्रवासी आहेत बघा" हे आकड्यात दाखवता येतं, आणि रेल्वेला आकडा कळतो, भावना कळत नाहीत. ह्याला मेट्रोसारखा अहवाल लागत नाही, केंद्राची मंजुरी लागत नाही. जादा गाडी मिळायच्या आधी करता येण्यासारखं हे एकमेव काम आहे आणि ते पूर्ण आपल्या हातात आहे.

अडचण खरी आहे ती हद्दीची. रोजचा प्रवास कोल्हापूर, इचलकरंजी, जयसिंगपूर, सांगली, मिरज असा सगळा पट्टा धरून होतो, त्यात तीन महापालिका, दोन जिल्हे. आपली हद्दवाढ १९७२ पासनं गाजतीय आणि झाली नाही, त्याऐवजी २०१७ ला ४२ गावांचं प्राधिकरण आलं, पण त्याची हद्द मिरजेपर्यंत पोचत नाही आणि रेल्वेच्या वेळापत्रकाशी त्याचं काही देणंघेणं नाही. तिन्ही महापालिकांनी मिळून एक वाहतूक आराखडा केला, कोण कुठनं कुठं किती वाजता जातो ह्याची मोजणी केली आणि ती घेऊन पुणे विभागाकडं गेले तर तो कागद वजनाचा होईल. रेल्वेच्या सल्लागार समित्यांवर बसणारे आपले लोक दर बैठकीत थांबा मागतात, त्यांना असला कागद हातात द्यायला पाहिजे. नाहीतर "जनतेची तीव्र मागणी आहे" ह्या एका ओळीवर किती वर्षं काढायची?

मेट्रोचं म्हणाल तर केंद्राच्या निकषात विचार सुरू होतो साधारण २० लाख लोकसंख्येपासनं. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर साडेपाच लाखाच्या आत, इचलकरंजी पावणेतीन लाखाच्या वर, सांगली-मिरज-कुपवाड पाच लाख. तिन्ही शहरं एकत्र धरली तरी साडेतेरा लाखाच्या आतच. २०२५ ला कोइमतूर आणि मदुराईचे प्रस्ताव लोकसंख्येचं कारण दाखवून परत आले, ती शहरं आपल्यापेक्षा कितीतरी मोठी. तेव्हा मेट्रोचं पोस्टर लावणाऱ्यांनी लावा, जगात भारी म्हणून लावा, पण त्यासाठी महापालिकेचा एक तासही घालवू नका असं माझं स्पष्ट मत आहे.

"मग नागपूरचं काय? तिथं मेट्रोच रेल्वेच्या रुळावर धावणार म्हणत होते" असं कोणतरी विचारणारच. ती ब्रॉडगेज मेट्रोची कल्पना, वर्धा, रामटेक, नरखेड ह्या बाजूंना महामेट्रोनं रेल्वेच्या रुळावर गाड्या चालवायच्या अशी. नाव मेट्रो, पण रूळ आणि पाथ रेल्वेचेच, म्हणजे अडचणी सगळ्या लोकलच्याच. तिथं नागपुरात मेट्रोची कंपनी आधीच उभी होती, आपल्याकडं ती नाही, म्हणून ते उदाहरण इथं टिकत नाही.

आणि कोल्हापूर-वैभववाडी रेल्वे ह्यात आणू नका. सुमारे १०७ किलोमीटरची नवी लाईन, २०१६-१७ च्या रेल्वे बजेटमध्ये मंजूर, कोकणाला जोडणारी, व्हायलाच पाहिजे, पण रोज सकाळी कामाला जाऊन संध्याकाळी घरी येणाऱ्या माणसाचा प्रश्न तिच्यानं सुटत नाही.

रोज जाणाऱ्यांनी एवढं करा: गाडीच्या वेळेबद्दल आणि दुहेरीकरणाबद्दल पत्र पुण्याला डीआरएमना आणि खासदारांना, बसच्या वेळेबद्दल केएमटीला, परीख पुलाबद्दल महापालिका आणि रेल्वे दोघांना एकाच पत्रात, म्हणजे एकमेकांकडं बोट दाखवायला जागा राहत नाही. लोकल म्हणून वेगळं काही सुरू व्हायची वाट बघू नका, महिन्याचा पास साध्या पॅसेंजरलाही मिळतो, तो काढा, कारण विनातिकीट जाणाऱ्याची रेल्वेच्या हिशोबात नोंदच होत नाही. इचलकरंजीकरांनी हातकणंगले स्टेशनला गाडीच्या वेळेवर बस मागावी, तिथं केएमटीबरोबर एसटीच्या डेपो मॅनेजरलाही गाठावं लागेल, आणि मागताना "लोकलला जोडून" असं लिहू नका, सरळ गाडीचा नंबर आणि वेळ लिहा.