नवा फुटबॉल मॅनेजर आणि क्लबची मालकी
क्लबमध्ये नवा मॅनेजर, म्हणजे टीमचा मुख्य कोच, आला की चर्चा फक्त त्याच्या फॉर्मेशनची, म्हणजे मैदानावर तो खेळाडू कसे मांडतो याची होते, पण तो टिकणार की नाही हे बरेचदा वरच्या मजल्यावर ठरतं, म्हणजे मालक कोण, खेळाडू कोण निवडतं, आणि चार मॅच हरल्यावर बोर्डाचा धीर सुटतो का. क्लबचं कल्चर म्हणतात ते साधारण हेच.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे इंग्लंडमधला मॅनेजर ग्रॅहम पॉटर, कारण माणूस एकच आणि क्लब दोन, ब्रायटन आणि चेल्सी. ब्रायटनचा मालक टोनी ब्लूम मुळात त्याच क्लबचा फॅन, खेळाडूंची निवड डेटावर चालायची. पॉटरच्या पहिल्या दोन सीझनला टीम लीगमधल्या वीस टीममध्ये १५वी आणि १६वी आली तरी कुणी त्याला हात लावला नाही, आणि तिसऱ्या सीझनला, २०२१-२२ मध्ये, ती ९वी आली, तोपर्यंतचा क्लबचा टॉप डिव्हिजनमधला सगळ्यात वरचा नंबर. सप्टेंबर २०२२ मध्ये चेल्सीने त्याला उचललं. तिथे नवे मालक मे महिन्यातच आलेले, त्यांनी जानेवारीत एकदम आठ खेळाडू घेतले, पण चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या बड्या क्लबांच्या स्पर्धेच्या, नॉकआउटसाठी (हरला की बाहेर अशा फेऱ्यांसाठी) नवीन तिघांचीच नावं घालता येतात, त्यामुळे नव्यांपैकी बाडियाशील आणि माडुएके यादीबाहेर राहिले आणि बाकीच्या नव्यांना जागा करायला आधीच्या ऑबामेयांगचं नाव काढावं लागलं. अशा ड्रेसिंग रूममध्ये रोज सगळ्यांना खूश ठेवायचं तरी कसं? एप्रिल २०२३ मध्ये पॉटर गेला, सात महिनेही झाले नव्हते. इकडे ब्रायटनने पॉटरच्या जागी डे झर्बीला आणलं आणि त्याच सीझनला ६वा नंबर मिळवून क्लबच्या इतिहासात पहिल्यांदा युरोपियन स्पर्धेत जागा मिळवली! म्हणजे मॅनेजर बदलला तरी घडी मोडली नाही.

मँचेस्टर युनायटेडचं उलटं झालं. मॅनेजर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन १९८६ साली आला, पहिली ट्रॉफी १९९० मध्ये, इतकी वर्षं बोर्डाने त्याला सांभाळलं. २०१३ मध्ये तो रिटायर झाला तेव्हा डेव्हिड मॉयसला सहा वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट दिलं, पण त्याच उन्हाळ्यात व्यवहार बघणारा डेव्हिड गिलही गेला, त्याच्या जागी एड वुडवर्ड आला, आणि अख्ख्या ट्रान्सफर विंडोमध्ये, म्हणजे खेळाडू विकत घेता येतात त्या मुदतीत, मोठा खेळाडू म्हणून फक्त फेलायनी हाती लागला, तोही शेवटच्या दिवशी. मॉयसने जुना कोचिंग स्टाफ बदलला ही चूक त्याची स्वतःची, पण गिल आणि फर्ग्युसन एकाच वेळी जाऊ देणं हा मालकांचा निर्णय होता. दहा महिन्यांत, एप्रिल २०१४ ला, त्याला काढलं.

लिव्हरपूलमध्ये जुन्या काळी शँक्ली, पेस्ली, फॅगन अशी मॅनेजरची गादी आतल्या आतच पुढे जायची. पेस्लीने तीन युरोपियन कप (चॅम्पियन्स लीगचं जुनं नाव) जिंकले आणि फॅगनने पहिल्याच सीझनला, १९८४ मध्ये, एक. पुढे क्लॉप बाहेरून आला, पहिल्या सीझनला टीम ८वी, तरी त्याला वेळ मिळाला, आणि २०२४ मध्ये आर्ने स्लॉटला तयार टीम हातात मिळाली तर पहिल्याच वर्षी लीग जिंकला.

उतावळे मालक कायम हरतातच असं मात्र नाही. जुना मालक अब्रामोविच असताना चेल्सीने मार्च २०१२ मध्ये मॅनेजर बदलला आणि मे मध्ये डी मॅटिओने चॅम्पियन्स लीग जिंकून दिली, २०२१ मध्ये असाच सीझनच्या मधे आलेल्या टुखेलने तेच केलं. पण दोन्ही वेळा खेळाडू तगडे होते, फक्त धक्का हवा होता, आणि डी मॅटिओलाही नोव्हेंबरमध्ये घरी पाठवलंच.

कल्चर जुळलं नाही तर मोठं नावही चालत नाही. इंग्लिश मॅनेजर ब्रायन क्लफ लीड्स क्लबच्या खेळावर वर्षानुवर्षं जाहीर टीका करायचा, १९७४ मध्ये बोर्डाने त्यालाच आणलं, खेळाडूंनी त्याला कधी आपलं मानलं नाही, ४४ दिवसांत संपलं. तोच क्लफ नॉटिंगहॅम फॉरेस्टमध्ये १९७९ आणि १९८० असा लागोपाठ युरोपियन कप जिंकला.

सभासदांच्या मालकीच्या क्लबांत हिशोब आणखी वेगळा. स्पेनच्या रेआल माद्रिद, बार्सिलोनात प्रेसिडेंट सभासदांच्या मतांनी निवडून येतो, त्यामुळे निवडणूक आली की मॅनेजरची खुर्ची हलायला लागते. स्पेनच्याच अ‍ॅथलेटिक बिल्बाओमध्ये तर फक्त बास्क, म्हणजे त्या भागात जन्मलेले किंवा तिथे घडलेले खेळाडूच घ्यायचे ही रीत आहे, तेव्हा तिथे येणाऱ्या मॅनेजरला आपल्या आवडीचा स्ट्रायकर जगभरातून आणता येत नाही, त्याला मुख्यतः क्लबच्या अकॅडमीतल्या पोरांवर काम करावं लागतं.