अंगात हीट झालीय, पण थर्मामीटर तर नॉर्मल दाखवतोय

तोंड आलं, डोळ्यांची आग होतेय, तळपाय जळजळतायत, की आपण लगेच म्हणतो अंगात उष्णता वाढलीय. आणि थर्मामीटर लावून बघा, तेच नेहमीचं ९८ च्या आसपास. मग उष्णता खोटी का? अजिबात नाही, शब्द एकच आहे पण गोष्टी दोन आहेत आणि सगळा घोळ तिथे होतो.

पहिली थर्मामीटरवाली. आपण नुसतं बसलेलो असताना पण शरीर साधारण १०० वॉटच्या बल्बएवढी उष्णता तयार करत असतं, मेंदूतला हायपोथॅलॅमस तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास धरून ठेवतो, वाढलं की त्वचेकडे जास्त रक्त पाठवतो, घाम काढतो. आणि घाम नुसता येऊन भागत नाही बरं का, तो वाळावाही लागतो, १ लिटर घाम वाळताना जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, म्हणून तर दमट हवेत धारा लागल्या तरी गार वाटत नाही.

दुसरी आयुर्वेदातली, म्हणजे वात-पित्त-कफ या तीन दोषांतलं पित्त. इथे पदार्थ हाताला गार लागतो का हा प्रश्नच नाही, त्याचं 'वीर्य', म्हणजे पोटात गेल्यावर होणारा परिणाम, उष्ण की शीत ते बघतात. दही घ्या! फ्रीजमधलं गारेगार दही आपण उन्हाळ्यात हौसेने खातो, पण आयुर्वेदात ते उष्ण वीर्याचं, आणि चरकसंहिता सांगते की शरद, ग्रीष्म, वसंत या ऋतूंत दही बहुतेक टाळा, रात्री तर नकोच. उलट आवळा आंबट असूनही शीत, दूध-तूपही शीत.

मिरचीचं मात्र आजच्या विज्ञानाने पण छान उलगडलंय. १९९७ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या टीमने मज्जातंतूंवरचा एक रिसेप्टर, म्हणजे संवेदना टिपणारं प्रथिन, शोधला, तो साधारण ४३ अंशांच्या वर भाजल्यावर जागा होतो आणि तिखटानेही जागा होतो, २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ज्युलियस यांना विभागून मिळालं त्यात या कामाचा मोठा वाटा होता. म्हणजे तिखट खाल्ल्यावर तोंड भाजल्यासारखं वाटतं तो निव्वळ भास नाही, मेंदूला निरोपच तसा जातो.

अजून एक, पित्त साठतं पावसाळ्यात आणि उसळतं शरदात, ऑक्टोबर हीटमध्ये. त्यामुळे पथ्य फक्त मे महिन्यात करून कसं चालेल? ग्रीष्मात गोड, पातळ, हलकं खा, खारट-आंबट-तिखट कमी, व्यायाम बेताने, आणि दुपारी झोपायची मोकळीक आयुर्वेद याच ऋतूत देतो. शरदात कडू चवीचं वाढवा.

पण उन्हात कुणी बरळायला लागलं, अंग ४० अंशांपर्यंत तापलं, तर तो उष्माघात आहे, तिथे गुलकंद-सब्जा करत बसू नका, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच हॉस्पिटल गाठा. लघवीची जळजळ पण दोन दिवसांत थांबली नाही तर उष्णता म्हणून सोडून देऊ नका, इन्फेक्शन असू शकतं, तपासून घ्या.