सवय शरीराला नाही, जिवाणूंना लागते

“मी फारशी अँटिबायोटिक्स घेतलेली नाहीत, त्यामुळे मला ती लागू पडणारच.” हा समज वर्षानुवर्षे टिकून आहे. तो चुकीचा आहे आणि रुग्णालयात तर धोक्याचाही. औषधाला दाद न देण्याची क्षमता जिवाणूंमध्ये येते, माणसाच्या शरीरात नाही. (आधीच्या औषधांनी धोका वाढतो हे खरे, पण तोही अंगावरचे आणि आतड्यातले जिवाणू बदलल्यामुळे.) कधीही गोळी न घेतलेल्या रुग्णालाही शेजारच्या खाटेवरचा प्रतिरोधक जिवाणू गाठू शकतो: न धुतलेल्या हातांवरून, लघवीच्या नळीतून, व्हेंटिलेटरमधून.

औषधाने कमजोर जिवाणू मरतात, तग धरणारे उरतात आणि वाढतात. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे प्लाझ्मिड, डीएनएचे छोटे वर्तुळ. त्यावरची प्रतिरोधाची जनुके एक जिवाणू दुसऱ्याला, अगदी वेगळ्या प्रजातीलाही देऊ शकतो. क्लेबसिएलासारखे जिवाणू कार्बापेनेम गटातली (गंभीर संसर्गासाठी वापरली जाणारी) अँटिबायोटिक्स निकामी करणारी विकरे (एन्झाइम) बरेचदा अशीच मिळवतात. मेथिसिलीन हे अँटिबायोटिक १९५९ मध्ये वापरात आले आणि १९६१ मध्ये ब्रिटनमध्ये त्याला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकस जिवाणूची नोंदही झाली.

म्हणून डॉक्टर, परिचारिका किंवा भेटायला आलेले नातेवाईक, कुणालाही “हात स्वच्छ केलेत का?” असे विचारणे हा उद्धटपणा नाही. रुग्णाने ते जरूर विचारावे. आणि नळीची गरज संपली असेल तर ती आजच काढता येईल का, हेही.