पूल (चित्रकलेतलं प्रतीक)

चित्रात पूल दिसला की दोन काठांची जोडणी असा अर्थ आपण लगेच लावून मोकळे होतो, पण नीट बघितलं तर बऱ्याच जुन्या कामांत पूल म्हणजे पाठीवरून दुसऱ्यांना पार करणारा कुणीतरी असतो.

आम्हा खान्देशवाल्यांना त्यासाठी लांब जायला नको, जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठा, तिथल्या १७ नंबरच्या लेणीत महाकपी जातक, म्हणजे बुद्धाच्या माकडराजाच्या पूर्वजन्माची गोष्ट, रंगवलीय. राजाचे तिरंदाज आंब्याच्या झाडाला वेढा घालतात, मग माकडांचा राजा नदीपलीकडून वेत आणतो, पण कमरेला बांधायला लागणारा तुकडा मापात धरायचाच विसरतो, वेत नेमका तेवढाच कमी पडतो, म्हणून तो फांदी धरून स्वतःच आडवा होतो आणि सगळी माकडं त्याच्या पाठीवरून पळतात. शेवटचा मुद्दाम जोरात उडी मारतो अन् त्याला जायबंदी करतो! हीच गोष्ट सांचीच्या पश्चिम तोरणावर आहे, मध्य प्रदेशातल्याच भरहुतच्या स्तूपावरच्या शिल्पातही आहे, तिथे तर खाली दोन माणसं त्याला झेलायला कापड ताणून उभी आहेत. रामसेतूच्या चित्रांत मात्र भार वाटला गेलाय, दगड वाहणारे वानरच वानर.

बाहेर हा अर्थ बदलतो. जपानचा चित्रकार हिरोशिगे याने १८५७ मध्ये अचानक आलेल्या पावसात पुलावरून अंग चोरून चाललेली माणसं छापली, म्हणजे पूल हा मधलं अडकलेपण झाला. व्हॅन गॉगने १८८७ मध्ये त्याचीच तैलरंगात नक्कल केली. फ्रेंच चित्रकार मोनेने आपल्या बागेतला जपानी पूल १८९९ मध्ये हिरवागार रंगवला, १९२० च्या आसपास मोतीबिंदू वाढल्यावर तोच पूल गंजासारख्या लाल-तपकिरी फटकाऱ्यांत जवळजवळ विरघळून गेला. जर्मनीत ड्रेस्डेनला १९०५ मध्ये आर्किटेक्चर शिकणाऱ्या चार पोरांनी तर आपल्या चित्रकारांच्या ग्रुपचं नावच 'पूल' ठेवलं, जुन्याकडून नव्याकडे जायचं म्हणून.

एक गोष्ट सहसा सुटते. चित्रात पूल ओळखू येतो तो कमानीमुळे नाहीतर कठड्यामुळे. आपल्याकडची फरशी, म्हणजे पुरात पाण्याखाली जाणारा बुटका पूल, चित्रात क्वचितच येते, तिला दोन्ही नसतात ना. आमच्या गावच्या फरशीला कठडा नव्हताच, तरी एलिमेंटरीच्या स्मृतिचित्रात मी तो काढला होता, नाहीतर ती फरशी नुसता ओला रस्ता वाटत होती.