रेडिओची फाइल किती वेगानं वाजवायची?

परभणी आकाशवाणी मध्यम लहरींवर १३०५ किलोहर्ट्झला लागते. ते ऐकायला कॉम्प्युटरला एसडीआर डोंगल (रेडिओलहरींचे आकडे करून कॉम्प्युटरला देणारं छोटं यंत्र) लावलं, तर एकटी परभणी हाती येत नाही. ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झचा अख्खा पट्टाच एका फाइलीत उतरतो. स्टेशन कुठलं ऐकायचं ते दुसऱ्या दिवशी ठरवलं तरी चालतं. फाइल मात्र दांडगी होते. सेकंदाला २४ लाख नमुने (म्हणजे लहरीची मोजमापं), प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे तासाला १७ जीबीच्या वर.

कच्च्या फाइलीत हे नमुने नुसते एकापुढे एक असतात, वेळेची नोंद कुठेच नसते. सेकंदाला किती नमुने घेतले ते वाजवताना आपणच सांगायचं. (फाइलीच्या नावातच लिहून ठेवलेलं बरं.) समजा, २४ लाखांऐवजी १२ लाख सांगितले. निवेदकाचा आवाज घोगरा आणि रेंगाळलेला येईलच, पण स्टेशनही जागा सोडेल. रेकॉर्डिंगचा मध्य ११०० किलोहर्ट्झला असेल, तर त्यापासून २०५ किलोहर्ट्झ लांब असलेली परभणी आता मध्यापासून १०२.५ किलोहर्ट्झवरच दिसेल.

नमुने पुढे किती झपाट्यानं ढकलायचे, हा प्रश्न निराळा. या दोन गोष्टींची गल्लत नवखे हमखास करतात. ‘ग्नू रेडिओ’ या सॉफ्टवेअरमध्ये ब्लॉक, म्हणजे एकेक काम करणारे तुकडे, साखळीसारखे जोडायचे असतात. त्यात मोकळं सोडलं तर प्रोसेसर झेपेल तितक्या वेगानं फाइल संपवतो. त्याला आवरायला ‘थ्रॉटल’ नावाचा ब्लॉक असतो. साखळीच्या शेवटी साउंडकार्ड असेल, तर थ्रॉटल लावूच नये. साउंडकार्ड सेकंदाला ४८,००० नमुने घेतं, जास्त नाही. टोकाच्या शेतकऱ्यानं दार लावलं की पाटाचं पाणी मागं तुंबत येतं, तशी मागची सगळी साखळी आपोआप थांबते. दोन्ही लावले तर दोन घड्याळं होतात आणि ती कधीच तंतोतंत जुळत नाहीत. दहा लाखांत वीसचा फरक असला, तरी तासाभरात साडेतीन हजारांच्या आसपास नमुने इकडचे तिकडे होतात. आवाज अधूनमधून तुटतो तो त्यामुळे.

विमानांचे १०९० मेगाहर्ट्झवरचे संदेश उलगडायचे असतील तर मात्र वेग खुशाल मोकळा सोडावा. डीकोडर घड्याळ बघत नाही, नमुने मोजतो.

हळू वाजवण्याची खरी मजा मे महिन्यात. वळवाचे ढग लांबवर उठले की मध्यम लहरींवर खरखर सुरू होते. ती रेकॉर्ड करून दहापट संथ वाजवावी. एका विजेत बहुधा तीन-चार झटके असतात, एकामागून एक, साधारण ५० मिलिसेकंदांच्या अंतरानं. एरवी कानाला एकच ‘कर्र’ लागतं. आता अर्ध्या-अर्ध्या सेकंदानं सुटे ठोके मोजता येतात, आणि झटक्यांची संख्या दर विजेला वेगळी निघते. ढग आपल्या गावावर आले की मात्र रेकॉर्डिंगचा मोह सोडायचा. खरं तर त्याच्या आधीच अँटेनाची वायर डोंगलमधून काढून ठेवायची.