चालत्या सायकलवर हृदयाचे मोजमाप

निरोगी प्रौढ माणसाचे हृदय विश्रांतीच्या वेळी दर मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते. तोच माणूस जोरात सायकल चालवू लागला की हा आकडा २० लिटरच्या आसपास पोचतो. जिना चढताना दम लागणाऱ्या रुग्णाचे दुखणे नेमके कोठे आहे हे कळण्यासाठी हा श्रमाच्या वेळचा आकडाच हवा असतो, कारण विश्रांतीत थकलेले हृदयही बहुधा शरीराची गरज भागवते.

मोजण्याचे सूत्र १८७० साली आडोल्फ फिक या जर्मन शास्त्रज्ञाने सांगितले. शरीराने मिनिटाला घेतलेल्या ऑक्सिजनला, प्रत्येक लिटर रक्ताने उचललेल्या ऑक्सिजनने भागले की रक्ताचा प्रवाह मिळतो. श्रम करताना ३,००० मिलिलिटर ऑक्सिजन घेतला गेला आणि दर लिटर रक्ताने १५० मिलिलिटर उचलला, तर प्रवाह २० लिटर होतो. अडचण एवढीच की त्यासाठी फुप्फुसाच्या धमनीपर्यंत नळी घालून रक्त काढावे लागते, आणि पायडल मारणाऱ्या माणसावर हा प्रयोग करणे जोखमीचे व त्रासदायक आहे.

कोपनहेगनचे ऑगस्ट क्रोग आणि योहानेस लिंडहार्ड यांनी १९१२ साली यातून काढलेली वाट मला आजही अतिशय सुंदर वाटते. त्यांनी रक्ताऐवजी श्वासाकडे पाहिले. नायट्रस ऑक्साइड हा वायू रक्तात सहज विरघळतो, म्हणून तो फुप्फुसातून जितक्या वेगाने नाहीसा होतो, तितक्या वेगाने तेथून रक्त वाहत असले पाहिजे. आजच्या यंत्रांत व्यक्ती रबरी पिशवीतील मिश्रण पुन्हापुन्हा श्वासात घेते. त्यात थोडासा नायट्रस ऑक्साइड आणि जवळजवळ न विरघळणारा सल्फर हेक्साफ्लोराइड असतो. दुसरा वायू फुप्फुसातील हवेचे आकारमान सांगतो, पहिला प्रवाह. हे सारे काही सेकंदांतच उरकावे लागते, कारण वायू घेऊन गेलेले रक्त फेरी पुरी करून परतले की हिशेब बिघडतो, आणि श्रमात ही फेरी अधिकच लवकर पुरी होते. फुप्फुसातील हवेला न भेटताच पुढे जाणारे रक्तही या मोजणीत येत नाही.

छातीतून सूक्ष्म विद्युतप्रवाह सोडून त्याला होणाऱ्या विरोधातील बदल टिपणे, किंवा डॉप्लर पद्धतीने, म्हणजे वाहत्या रक्तावरून परतणाऱ्या ध्वनिलहरींच्या बदललेल्या कंपनसंख्येवरून, महाधमनीतील रक्ताचा वेग पाहणे, या पद्धतींत माणसाला श्वासाचे कसलेही बंधन पाळावे लागत नाही आणि प्रत्येक ठोका वेगळा दिसतो. मात्र हलणारी छाती आणि धापा यांमुळे संकेत गढूळ होतात, त्यामुळे भर श्रमात मी श्वासाच्या पद्धतीवरच अधिक विसंबेन.

तिचा आणखी एक लाभ आहे. श्वासातून ऑक्सिजनचा वापरही त्याच वेळी मोजला जातो, आणि त्याला प्रवाहाने भागले की दर लिटर रक्तामागे शरीराने किती ऑक्सिजन काढून घेतला हे समजते. प्रवाह पुरेसा वाढूनही हा आकडा खाली राहिला, तर दम लागण्याचे कारण हृदयाऐवजी हिमोग्लोबिनच्या कमतरतेत किंवा स्नायूंच्या दुबळेपणात शोधावे लागते.