आकडा पोहोचला, पण वाचला कुणी?

मधुमेह असलेल्यांना घरबसल्या मिळणाऱ्या सेवांमध्ये दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते. एक म्हणजे रिमोट मॉनिटरिंग, दुसरी म्हणजे फोनवरून किंवा व्हिडिओ कॉलवरून मिळणारा नर्सचा आधार. बऱ्याचदा दोन्ही एकाच अ‍ॅपमध्ये असतात, म्हणून एकच वाटतात.

मॉनिटरिंगचं काम आकडा पोहोचवण्याचं. दंडावरचा सेन्सर दर काही मिनिटांनी शुगर मोजतो आणि मोबाइलकडे पाठवतो. मात्र तो थेट रक्तातली साखर मोजत नाही. तो मोजतो ती त्वचेखालच्या पेशींभोवतीच्या द्रवातली, आणि ती रक्ताच्या काही मिनिटं मागे असते. शुगर झपाट्याने उतरत असेल, तेव्हा हे अंतर जाणवतं. दंड अंगाखाली दाबून झोपलं तरी सेन्सर खोटा 'लो' दाखवू शकतो. त्यामुळे आकडा आणि अंगाची लक्षणं जुळत नसतील, तर बोट टोचून खात्री करायची, तीही हात धुऊन. बोटाला गोड काही लागलेलं असेल, तर तिथेही आकडा फुगतो.

नर्सचं काम आकड्यापाशी सुरू होतं. समजा, आठवडाभर सकाळची शुगर कधी 240, कधी 130 अशी उड्या मारतेय. आलेख तेवढंच सांगतो. नर्स विचारते, "इंजेक्शन कुठे घेता?" रोज बेंबीच्या डावीकडे, कारण तिथे दुखत नाही. दुखत नाही, कारण एकाच जागी टोचून टोचून कातडीखाली चरबीच्या गाठी झाल्यात, आणि अशा जागेतून इन्सुलिन कधी कमी शोषलं जातं, कधी जास्त. मग ती कॅमेऱ्यासमोर इन्सुलिनचं पेन वापरून दाखवायला सांगते. बटण दाबलं की सुई लगेच बाहेर, टोकाला थेंब लोंबतोय. दहा अंक मोजेपर्यंत सुई आतच ठेवायची असते, हे कुणी सांगितलेलंच नसतं. आणि एक बारकावा: गाठी सोडून नव्या जागी तोच डोस घेतला, तर शुगर एकदम खाली येऊ शकते. म्हणून जागा बदलण्याआधी डोसबद्दल डॉक्टरांशी बोलावं लागतं. असं संभाषण कुठल्याही सेन्सरला जमत नाही.

खरं तर कॅमेऱ्याचा भाग सोडला, तर या कामाला अ‍ॅपही लागत नाही. साधा ग्लुकोमीटर, नोंदीची वही आणि साधा फोन पुरतो.

अर्थात फोनला हात नसतात. गाठ चाचपून पाहणं, तळपायाची संवेदना तपासणं यासाठी प्रत्यक्षच जावं लागतं. डोसमध्ये बदलही नर्स करते तो डॉक्टरांनी आखून दिलेल्या चौकटीतच.

गल्लत महागात पडते ती रात्री. आकडा पाठवला की काम झालं असं वाटतं, शाळेत गृहपाठाची वही टेबलावर ठेवल्यासारखं. बाई ती लगेच उघडतील असं थोडंच असतं! पहाटे तीनचा आकडा सर्व्हरवर पोहोचतो, पण तो कुणी पाहील का, हे त्या त्या सेवेवर ठरतं. काही ठिकाणी तो कामाच्या वेळेतच पाहिला जातो. म्हणून नाव नोंदवतानाच विचारावं: आकडे कोण पाहतं, कधी पाहतं, आणि वेळेबाहेर फोन कुणाला करायचा?

शुगर 70 च्या खाली गेली, तर नर्सच्या फोनची वाट पाहू नये. साधारण 15 ग्रॅम ग्लुकोज घ्यावं, 15 मिनिटांनी पुन्हा तपासावं, अजूनही कमी असेल तर पुन्हा तेवढंच घ्यावं. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर चढायला वेळ लागतो. माणूस शुद्धीवर नसेल, तर तोंडात काहीही घालू नये, थेट अ‍ॅम्ब्युलन्स बोलवावी. सेन्सरचा अलार्म घरातल्या आणखी कुणाच्या मोबाइलवर वाजेल अशी सोय होते का, तेही विचारून घ्यावं. आणि तो मोबाइल रात्री सायलेंटवर नाही ना, हे बघावं.